कानाचं खातं

रुखबसा संगईंच्या पेढीवर मी पंख्याला बसलो
तेव्हा मला पावकी-निमकीही धड येत नव्हती.
जिंतूरच्या सराफ्यात ओट्याओट्यावर लोड
आणि ओट्याओट्यावर नाण्यांची गर्दी :
हाली, गोविंदबक्षी, नारायणपेठी,
जालन्याच्या छावणीतून घरंगळत आलेला एखादा कलदार.
प्रत्येकाचा बट्टा वेगळा,
प्रत्येकाचा गळा वेगळा.

शेट दगडावर रुपया टाकायचे
आणि डोळे मिटायचे.
त्या मिटल्या डोळ्यांच्या भरवशावर
औंढ्यापासून मंठ्यापर्यंत हुंड्या सकारल्या जायच्या.

एकदा नेमगिरी उतरताना म्हणाले,
"आज घंटा नाही का रे वाजवली कुणी?"
मी नुकतीच वाजवली होती.
अजून हात लोंबकळत होता माझा तिच्या नादात.
पायरीवर बसले. उपरण्यानं जोडे झटकले,
जोड्यांना धूळ नव्हती.
"निळू," म्हणाले, "बहिरा सराफ म्हणजे भोकाचं माप.
घरी बोलू नको. तुझ्या बापालाही नको."

तेव्हापासून माझ्या हातातल्या पंख्याला भाषा आली.
नाणं खरं, पंखा चालू.
नाणं खोटं, पंखा बंद.
मानेवरचा वारा पडला की शेट डोळे उघडत,
गोड बोलत : "हा राहू द्या, देसाई. दुसरा बघा."
पुसात हिव पडलं तरी मी वारा घालतोय,
आणि समोरचा मारवाडी हसतोय,
"संगईला पैशाची गरमी!"
शेट कुडकुडत आकडे मांडायचे.

सात वर्षं.
आवाज माझ्या कानात, इमान त्यांच्या नावावर.

मग एका चैतात इमामबी अत्तारीण आली.
पदराच्या गाठीत अकरा रुपये.
पोरीचा निकाह सेलूला ठरलेला,
रक्कम तिकडं हुंडीनं धाडायची.
दहा खणखणले.
अकरावा पडला तो ओल्या खापरासारखा.
आत शिसं. नुसतं शिसं.
तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही,
ती गाठ पुन्हा पुन्हा उलगडून बघत होती,
जसा अजून एखादा निघेल.
माझा हात थांबला नाही.

शेटनी हुंडी लिहिली, पुरत्या अकराची.
दहा पेटीत टाकले,
एक गुडघ्याखाली सरकवला.

दिवे लागायच्या आत त्यांना जेवायचं असे,
तरी त्या दिवशी उठले नाहीत.
उन्हं ओट्यावरून उतरली, रस्ता ओलांडून गेली.
मी म्हणालो, "शेट, कसं कळलं?"
माझ्या ओठांकडं बघत राहिले.
मग मान चोळली.
"वारा लई जोरात होता रे आज," म्हणाले. "कामून?"

मला सांगता आलं नाही.
त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.
बोरू बुडवला, वहीत एक नवं पान काढलं :
कान, याचे नावे, रुपया एक.

दर दिवाळीला ती बाकी पुढल्या वहीत ओढली गेली.
व्याज लावलं नाही,
एवढा एकच माणूस पेढीवर बिनव्याजी.

शेट गेले. वह्या फुलचंदसाच्या मांडीवर आल्या.
तोवर बाजारात कलदार वाढले होते,
सगळे एका साच्याचे, एका सुराचे.
त्याने वसुलीची यादी काढली,
पानावर बोट ठेवून थांबला.

"निळोबा, हा कान कोण?
आडनाव नाही, गाव नाही. जातीनं कोण?
एवढी वर्षं बाकी, आणि बाबांनी तगादा नाही लावला?"

पंखा माझ्या मांडीवर आडवा पडला होता.
दांडीवर माझ्या अंगठ्याचा खळगा पडलेला,
त्यात अंगठा बरोब्बर बसत होता.

म्हणालो, "होता एक. इथंच बसायचा.
काढा त्याला बुडीत खाती."