कोऱ्या कागदाचं वजन

कागद आधी कोरा तोलायचा,
हे तांडेल मॅडमनी पहिल्या दिवशी शिकवलं.
चिमट्याने उचलायचा, बोट लावायचं नाही,
तोंड जरा बाजूला,
काट्याला आपला श्वाससुद्धा कळतो.
आकडा वहीत, कागद लिफाफ्यात,
लिफाफा डब्यात, डबा माझ्या मांडीवर,
आणि पालिकेची जीप
देवनारच्या वाटेला.

शाळेच्या गच्चीवर आमचं यंत्र.
खालून बघणाऱ्याला कबुतरांचं खुराडं वाटतं.
चोवीस तास हवा ओढतं,
अख्ख्या वर्गाच्या फुफ्फुसांहून जास्त,
आणि खोकत नाही.

दुसऱ्या दिवशी कागद काढावा
तर कधी चहाच्या फडक्याचा रंग,
कधी तव्याच्या पाठीचा.
शाळेचा शिपाई घोसाळकर जिन्यातच गाठतो,
"काय म्हणतंय आमचं पोट्टं?"
"तोलल्याशिवाय सांगता येत नाही."
हे सरकारी उत्तर आहे.
खरंही आहे.

पौषात आकडे चढले.
हवा पडून राहिली, कुणी उठवेना.
वरून परिपत्रक उतरलं:
बांधकामाला हिरवं कापड, ट्रकची चाकं धुऊन,
कचरा पेटवाल तर दंड,
बेकऱ्यांनी लाकूड सोडावं.
नोटिसा वाटायला माणसं कमी,
म्हणून मीही.

सिराजभाईंची भट्टी मी लहानपणापासून ओळखतो.
पाच पावांवर सहावा हातावर ठेवायचे.
भट्टीत जातात मोडक्या कपाटांच्या फळ्या,
खाटांचे पाय, सनमायका,
एकदा कुणाच्या तरी देव्हाऱ्याची चौकट आली होती,
ती मात्र त्यांनी बाजूला काढून ठेवली,
अजून पिंपाच्या मागे उभी आहे.
नोटीस त्यांनी पोच देऊन घेतली,
उलटी केली,
पाठीवर पेन्सिलीने गॅसचा हिशेब मांडला.
"लादीमागे इतके वाढतील," म्हणाले,
"तुमच्या नाक्यावरच्या फलकावर
हा आकडा कुठल्या रंगात येतो?"

मी सही घेतली.
पाव नको म्हटलं. ड्युटीवर होतो.

आणि मग एका मंगळवारी
कागद निघाला जवळजवळ जसा घातला तसा.
मला आनंदच झाला आधी.
मग दिसलं, कठडा ओला,
खाली बदामाची पानं धुतलेली,
आजूबाजूच्या दोन गल्ल्या सोडून
कुठेच ओल नाही.
घोसाळकर म्हणाला, रात्री तोफवाली गाडी आली होती,
पाण्याचा धूर सोडत राहिली पार उजाडेपर्यंत,
याच भिंतीला लागून.
काय थंड झोप लागली म्हणून सांगू.

नाक्यावरचा फलक दुपारपर्यंत हिरवा.
खाली उभ्या बाया
रुमाल तोंडावरून न काढता
तो वाचत होत्या.

तांडेल मॅडमनी कागद दोनदा तोलला.
आकडा होता तोच लिहिला.
शेऱ्याच्या रकान्यात, बारीक अक्षरात:
फवारणीची गाडी यंत्राखाली, रात्री दोन ते सहा.
साहेब म्हणाले, एवढं कशाला.
त्या म्हणाल्या, रकाना आहे म्हणून.
चष्मा पुसला, पुढचा लिफाफा उघडला.
पुढच्या महिन्यात नवीन वह्या आल्या.
रकाना अजून आहे,
जरा अरुंद झालाय.

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही.
दर खेपेला डब्यात एक कागद जादा असतो.
तो यंत्रात घालायचा नाही,
नुसता न्यायचा आणि आणायचा,
वाटेत काय चिकटतं ते कळावं म्हणून.
तो गच्ची बघतो फक्त लिफाफ्यातून.
सिराजभाईंच्या दारावरून जातो,
कचऱ्याच्या डोंगराला वळसा घालतो,
माझ्या मांडीवर बसून.
हवा त्याने ओढलेली नसते.
तरी परत तोलला की
केसभर जड.

चालतं, मॅडम म्हणतात,
तेवढं वजा करायचं असतं.