किती सारखा

तिसरीच्या फळ्यावर मी लिहिलं: उपमा.
मागच्या बाकावरून निधीश मेथर म्हणाला,
"गुरुजी, शेंगदाणे घातलेलो?"
आणि अख्खी शाळा हसली.
पट अकराचा आहे. निधीश धरून.

या बाजूला खाडी, त्या बाजूला समुद्र,
मधल्या वाळूच्या पट्टीवर आमची एक खोली,
दोन पानांत ठेवून विसरलेल्या पिंपळपानासारखी
(असं मी सांगणार होतो, पण ते राहू दे).

पुस्तकातली उदाहरणं वाचून दाखवली.
मुख चंद्रासारखं. डोळे कमळासारखे.
"कमळ कोणी पाहिलंय?"
एक हात वर आला. "कॅलेंडरावर."
मीही तिथंच पाहिलंय खरं तर.
मंगळवेढ्याच्या काळ्या रानात कमळं कुठली.

म्हटलं, पुस्तक मिटा.
सारखा, जसा, गत, वाणी,
यातला एक दोरा घ्या
आणि कुठल्याही दोन गोष्टी एकमेकींना बांधा.
पियुषा तांडेल, जी सहसा बोलत नाही, तिनं विचारलं,
"निरगाठ की सुरगाठ?"
घरी जाळी विणतात त्यांच्या.
मी जरा थांबलो. "सुरगाठ," म्हणालो,
"ओढली की सुटली पाहिजे."
हे मला आधी माहीत नव्हतं.

संध्याकाळी वह्या.
लावण्याचं अक्षर कुर्लीगत चालतं, असं तिनंच लिहिलंय.
विघ्नेशला गणिताच्या तासाला माझा आवाज
पाण्यात डोकं बुडवल्यावर येतो तसा ऐकू येतो.
रविवारची संध्याकाळ ओहोटीसारखी,
पाणी आहे, पण लांब गेलंय.
निधीशनं लिहिलं, उपमा उपम्यासारखा.
फुली.
चैतालीनं लिहिलं,
माझ्या आवशीचे डोळे ताज्या बांगड्यासारखे.
मी लाल पेनानं खाली लिहिलं,
"सुंदर वस्तू निवड."

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर लिलाव लागला होता.
टोपलीमागे चैतालीची आई.
तिनं एक बांगडा कल्ल्यात बोट घालून उचलला
आणि माझ्यासमोर धरला.
"डोळो बघा, गुरुजी. पाण्यासारखो असलो तरच घेवा."
मी बांगड्याचा डोळा पाहिला.
काळा, फुगीर, त्यात अख्खं आभाळ
आणि आभाळात चष्मा लावलेला एक वेडावाकडा माणूस.
मान वर करायला मला वेळ लागला.
अर्धा डझन घेतले. मी मासे खात नाही.

पियुषाची वही मात्र शेवटी ठेवली होती.
एकच ओळ. समुद्र समुद्रासारखा.
याला अनन्वय म्हणतात,
मोठ्या वर्गात पोरं ते पाठ करतात आणि विसरतात.
पण निधीशला फुली दिली,
आता हिला बरोबर कशी देऊ?
त्यानं खोडी काढली, हिनं नाही,
हे मला कळतं. वहीला कसं कळणार?

रात्री दादांचा फोन.
त्यांनी समुद्र पाहिलेला नाही.
"कसा असतोय रं?"
"शाळू पोटरीत आल्यावर रान असतंय नव्हं,
वारं सुटलेलं,
तसा."
"केवढं रान?"
"लई."
"आन् पल्याडचा बांध?"
"दिसत न्हाई."
दादा गप्प झाले. मागे कुठंतरी म्हैस ओरडली.
"मग ते रान न्हवं," म्हणाले.

फोन ठेवला. वही उघडीच होती,
ओळीखाली अजून काही लिहिलेलं नव्हतं.
खिडकीबाहेर तो वाजत होता,
कशासारखा कोण जाणे.
निधीशच्या फुलीवर
मी आधी पांढरी शाई लावली.