काडेपेटीएवढा माणूस

कितवेजवळच्या त्या तांब्याच्या खाणीत, नऊशे मीटर खाली,
ताता पिंजऱ्याच्या दाराशी उभा असायचा,
अडसर ओढायला, घंटा द्यायला
आणि माणसं मोजायला. पण तो माणसं मोजत नसे.
उंबरठा बघायचा.

भरलेला पिंजरा खाली टेकायचा तेव्हा दोर ताणलेला असे.
एकेक जण बाहेर पाऊल टाकी
आणि पिंजरा कळेल न कळेल असा वर सरके,
लोणारी कोळशाची पोती उतरवतो
तेव्हा सायकलचं चाक जसं पुन्हा गोल होतं.

बाजूच्या खांबावर त्याच्या खडूच्या रेघा होत्या,
काडेपेटी आडवी धरून मारलेल्या, एकाखाली एक.
"बूट, दिवा, बॅटरी धरून
एक माणूस म्हणजे एक काडेपेटी," तो सांगे.
आणि फोरमन कपेम्ब्वा?
"दीड. पगाराच्या दुसऱ्या दिवशी पावणेदोन."

जूनमधली गारठ्याची पहाटपाळी.
सगळे उतरले, बोगद्यात दिवे लांब गेले.
ताताचा हात घंटेच्या दोरीवर तसाच राहिला.
उंबरठा शेवटच्या रेघेला पोचलाच नव्हता.
"आत कुणीतरी आहे," तो म्हणाला. "बारीक आहे."

ताडपत्रीखाली लुबुतो निघाला.
गुडघे छातीशी, हेल्मेट नाकावर,
कागदावर अठरा वर्षांचा.
ताता ओरडला नाही. विचारलंही नाही.
ताडपत्री त्याच्या खांद्यांवर नीट ओढली
आणि तीन घंटा दिल्या: माणूस वर.

बरीच वर्षं गेली. मी वर्गात बसलेले,
फळ्यावर सूत्र:
भार गुणिले लांबी,
भागिले छेद, भागिले स्थितिस्थापकतेचा गुणांक.
(एवढा लांब शब्द, स्वतःच ताणलेला.)
मी वहीच्या मागच्या पानावर मांडलं.
पाचशे न्यूटन, कारण पोरगा पन्नास किलोचा असणार.
नऊशे मीटर.
पोलादाचा छेद सहाशे चौरस मिलीमीटर.
गुणांक शंभर गिगापास्कल, अखंड सळईच्या निम्मा,
कारण पिळलेल्या तारा आधी एकमेकींना आवळतात,
मग ओझं मानतात.
उत्तर आलं साडेसात मिलीमीटर.
कॅन्टीनमधून काडेपेटी मागून आणली, पट्टी लावली.
जाडी तेरा.
त्या रात्री फोन केला. तो ऐकत राहिला, मग म्हणाला,
"मग? मी काय वेगळं सांगत होतो?"

त्याला सूत्रात रस नव्हता.
नव्या दोराबद्दल मात्र तासभर बोले:
पहिले काही महिने तो रोज थोडा लांबतो
आणि तेवढा परत येत नाही,
टोक कापून पुन्हा बांधावं लागतं.
"तो ताण नव्हे," ताता म्हणे, "ओळख."
बाद दोराची एक तार आईनं अंगणात बांधली,
तिच्यावर चितेंगे वाळतात.
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात;
ही तर जळलेलीही नाही,
वाऱ्यावर अजून डावीकडे वळू पाहते.

लुबुतो आता टोमॅटो विकतो.
आमच्याकडून पैसे घेत नाही,
कारणही सांगत नाही.

परवा दवाखान्यात
ताता अनवाणी काट्यावर चढला, माझा खांदा धरून.
नर्सनं चष्मा वर केला, लिहिलं: पन्नास.
माझ्या डोक्यात आपोआप झालं गणित.
"किती?" त्यानं विचारलं.
"अर्ध्या काडेपेटीहून जरा जास्त."
तो हसला, हसण्यात खोकला आला,
खोकला संपल्यावर म्हणाला,
"मग तीन घंटा दे."

मी त्याला खाली उतरवलं.
काटा लगेच शून्यावर गेला नाही.