बेगमी

साडेसातला अंबडचे कारखाने जरा दम घेतात,
बँडवरची खरखर खाली बसते,
आणि मी माइकचं बटण दाबतो.
अँटेना मोटार रिवाइंडिंगमधून उरलेल्या तारेची.
एक टोक आमच्या टाकीला, दुसरं
शेजारी खैरनारांच्या शेवग्याला.
त्यांना वाटतं, ती कपड्यांची दोरी.
इतकी उंच कशाला, एवढंच विचारतात.

तिकडे रात्रीचे दहा. जेराल्डटन,
ऑस्ट्रेलियाचा पश्चिम किनारा. नोरीन,
दोन कुत्रे आणि एक पत्र्याची शेड.
माझा आवाज आभाळाला टेकतो, समुद्रावर आपटतो,
उसळून पुन्हा आभाळाला टेकतो,
मग तिच्या टेबलावर उतरतो.
पाच-सात, ती म्हणते. कधी पाच-नऊ.
एवढ्या प्रवासातून माणूससुद्धा
इतका धड पोहोचत नाही.

आम्ही भविष्याबद्दल बोलतो, म्हणजे बॅटऱ्यांबद्दल.
तिला वणव्याची धास्ती, मला गोदेच्या पुराची.
तिच्याकडे दोनशे लिटर पाणी, लोकरीची घोंगडी.
माझ्याकडे तीन ड्रम, क्लोरीनच्या गोळ्या,
पाण्यात भिजली तरी पेटणारी काडेपेटी.
कुमुद दारातून विचारते,
सगळं बुडाल्यावर बोलणार कुणाशी?
आणि तीच बुडाली तर?
परवान्याच्या परीक्षेत हा प्रश्न नव्हता.

एका संध्याकाळी नोरीन म्हणाली,
तांदूळ चाळीस किलो आहे. पण नुसता भात
किती दिवस खाणार? ओव्हर.
मी म्हटलं, मेतकूट.
पुन्हा सांग. ओव्हर.
माइक, एको, टँगो, किलो, युनिफॉर्म, टँगो.
म्हणजे काय? ओव्हर.
पिवळी पूड. टिकते. ओव्हर.

पिवळी पूड काय म्हणताय, कुमुद म्हणाली,
ओल्या हातांनी खुर्ची ओढून बसली.
सांगा तिला. हरभरा डाळ, उडीद, तांदूळ, मूठभर गहू.
वेगवेगळं भाजायचं, मंद आचेवर.
एकत्र भाजलं तर एक कच्चं राहतं, एक करपतं.
परवाना माझ्या नावाचा, म्हणून ती मला सांगे,
मी समुद्राला.
धणे गेले, जिरं गेलं, सुंठ पोहोचली,
हिंगापाशी सिग्नल बुडाला.
हिंग? हिंग म्हणजे...
मग नुसती खरखर, मग बंद बँड.

त्या रात्री जुनी बॅटरी शोधायला माळ्यावर चढलो.
टॉर्चच्या उजेडात डबे:
कुरडया, सांडगे, चिकवड्या, लिंबाचं लोणचं,
प्रत्येकावर तिच्या अक्षरात चिठ्ठी, महिना, साल.
अठ्ठावीस वर्षं मी या घरात
संकटाची तयारी करणारा एकटाच आहे
असं धरून चाललो होतो.
माझ्या गोळ्यांची मुदत मार्चमध्येच संपलेली.

नोरीनला नंतर सांगितलं, आमच्याकडे याला बेगमी म्हणतात.
स्पेलिंग जमलं. अर्थ जमला नाही.
तयारी, पण त्यात घाबरणं नसतं, असं काहीतरी बोललो.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
की बँडच खाली गेला होता, कळलं नाही.

ऑगस्टात गंगापूर धरणाचे दरवाजे उघडले.
दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी,
सराफ बाजारात होडी, सिडकोत अंधार.
मी बॅटरीवर सेट लावून बसलो.
याच रात्रीसाठी तर सगळं जमवलं होतं.
कुणालाच माझी गरज पडली नाही.
फोन चालू होते. कुमुदच्या बहिणीने
गंगावाडीतून निघाल्याचं फोटोसकट कळवलं.

मग खरखरीतून नोरीन.
हिंग मिळाला. पर्थमध्ये, एका गुजराती दुकानात.
शेडला अजून वास येतोय.
कुत्रे आत यायला तयार नाहीत. ओव्हर.

अंधारात कुमुद इतकी हसली
की मला बटण सोडायचं सुचेना.
ते हसू तसंच गेलं, विनापरवाना,
दोनदा आभाळाला टेकून.

मेणबत्तीपाशी वही उघडली.
वेळ चौदा दहा, जागतिक. सिग्नल पाच-पाच.
शेरा: हिंग पोहोचला.