धोटा म्हणजे

विडी घरकुलात रात्री दीडला लाइट आली.
पाणी अजून यायचंय, आज पाचवा दिवस.
आई बॅरलला टेकून पेंगते,
मांडीवरच्या सुपात उद्याची पानं कापून ठेवलेली.

मी उंबऱ्यात लॅपटॉप घेऊन बसते.
बॅटरी कधीच गेलीय, वायर काढली की बंद.
मोबाईल खिडकीच्या गजाला बांधलाय,
दोन काड्या तिथेच मिळतात.
आणि कुठल्यातरी कंप्यूटरला हाक मारते.

तो कुठे आहे, मला माहीत नाही.
पत्ता म्हणजे चार आकडे, मध्ये तीन टिंबं.
गल्ली नाही, मारुतीच्या देवळामागे असं काही नाही.
पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही,
ठिपकासुद्धा. अंधारात कडी चाचपावी
तशी बोटांनीच शोधायची. चुकले.
पुन्हा.
लागली.

काळ्या पडद्यावर माझंच अर्धं वाक्य,
धोटा म्हणजे
आणि पुढे ती उघडझाप करणारी चौकट,
साडेअकराला लाइट गेली तेव्हा होती
त्याच जागी.
इथं पंखा थांबला, अख्खी आळी गच्चीवर गेली,
कुणाचं तरी तान्हं पोर रडून रडून झोपलं.
तिकडे कुणी सांगितलंच नाही.
एडिटर आपला उघडाच, दोन तास.

नायना पाठीमागे येऊन उभे राहिले.
चाळीस वर्षं पॉवरलूमवर काढली, कान तिथेच ठेवून आले.
"काय करायलीस गं एवढ्या रात्री?"
शब्द लिहायलेय, मी ओरडून सांगते. तुमचेच, कारखान्यातले.
कांडी झाली, फणी झाली, बीम झाली.
पुण्याच्या संस्थेला पाहिजेत, शब्दाला अकरा रुपये.
"हितं राहतंय ते सगळं?"
हितं नाही, लांब. तिथं चालूच असतं, आपण नुसतं जोडून घ्यायचं.
"आन् लाइट गेली तर?"
आपण तुटतो. ते चालतंय.

हे त्यांना पटत नाही.
लाइट गेली की माग बसतो,
धोटा सुतात अर्ध्या वाटेवर अडकतो.
आली की माग पुन्हा धडधडतो, पण कापडात तिथे
एक आडवी रेघ राहते, अंगठ्याला लागेल एवढीच.
शेठ चादर उजेडात धरायचा
आणि रेघेचे पैसे कापायचा.

नायनांनी अंगठा पुढे केला,
पडद्यावरून हळू फिरवला,
धोटा, म्हणजे, मग त्या चौकटीवरून,
आणि उलटा.
"कुठं थांबलंत, कळंना की."

तेवढ्यात नळ खोकला.
आई उठली ती ओरडतच. दोन बॅरल, नऊ घागरी,
न्हाणीतला हौद, शेवटी तांबेसुद्धा.
शेजारच्या यमुलांची मोटर लागली तशी आमची धार
करंगळीएवढी झाली, मग सुताएवढी.
मग गेली.

ओल्या हातानं परत आले तर जोडणी तुटलेली.
पडद्यावरची अक्षरं होती तशी गोठलेली,
काहीही दाबा, हलत नाहीत.
चार आकडे, तीन टिंबं. कडी.
धोटा म्हणजे

आता सांगा, मी म्हटलं.
नायना धोतराला हात पुसत बसले.
आधी तेलुगूत स्वतःशीच काहीतरी पुटपुटले,
ते आवडलं नसावं, मान हलवली.
मग मराठीत, साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात:
"जाऊन परत येतो तो."

तेवढंच लिहिलं. सेव्ह केलं.
खाली एक ओळ कोरी सोडली,
पाणी भरायला उठले होते तिथली.
तिचे अकरा रुपये मिळणार नाहीत.