अडसरची वही

प्रोग्रॅमचं नाव मी ठेवलं अडसर.
फुकट. कुणीही घ्या, कुणालाही द्या.
दाराआड बसतो,
आत येणाऱ्याला, बाहेर जाणाऱ्याला
थांबवून मालकाला विचारतो :
परवानगी द्यायची का? हो. नाही.
मला वाटलं होतं, याहून सोपं काय असणार.

मग शंभर पानी वही घेऊन निघालो,
मे महिन्यात, जेव्हा सोलापुरात
अकरालाच डांबर चपलेला धरून ठेवतं.

साखर पेठेत व्यंकटरमण गाजूल,
टॉवेलच्या कारखान्याचा हिशेब बघतात.
म्हणाले, "सारखं विचारूलालंय बे.
मी हो म्हणतो. दर वेळी हो.
काय विचारलं ते वाचत नाही,
खोटं कशाला बोलू?"
मी लिहून घेतलं.
अक्षर वाकडं आलं, कारण भिंतीपलीकडे
माग चालू होते आणि टेबल थरथरत होतं.

होटगी रोडला झेरॉक्सवाल्या सुगलाबाई :
"तुमचं हे आल्यापासून प्रिंटर रुसलाय.
पोरं हॉल तिकिटासाठी उभी,
आणि हा विचारतो, प्रिंटरला आत घेऊ का.
अहो, तीन वर्षं हप्ता भरलाय मी त्याचा!"
पान अठ्ठावीस.
याला आमच्या धंद्यात दोष म्हणतात,
त्यांच्यात, गिऱ्हाईक गेलं.

एकानं नुसतंच "छान" लिहिलं.
छानचं काय करायचं असतं, मला अजून कळलेलं नाही.
एकानं लिहिलं, फुकट देतोय
म्हणजे याचंच काहीतरी असणार आतमध्ये.
त्याच्या उत्तरासाठी एक पान कोरं सोडलं.

विडी घरकुलात मुलगी क्लासला गेलेली,
कॉम्प्युटर तिचा, घरी आई, यादम्मा.
मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू,
हजाराचा हिशेब संध्याकाळपर्यंत पुरा करायचा.
म्हणाल्या, परवा ती पाटी आली,
मराठी वाचता येत नाही मला, तेलुगू येतं थोडं.
वायरच ओढली.

मी म्हटलं, हो किंवा नाही, एवढंच दाबायचं होतं.

त्यांची बोटं थांबली नाहीत.
"दारात परका माणूस आला
तर मी हो-नाही म्हणते का?
विचारते, एवरू? कोण रे तू?
कुठून आलास, कुणाकडे काम?
नाव नाही, गाव नाही,
आणि माझ्याकडूनच जबाब मागतो तुझा अडसर."

दोरा गुंडाळला, टोक नखानं आत दाबलं,
विडी बाजूला ठेवली.
मी वहीत काहीच लिहिलं नाही.
घरापर्यंत ते तसंच घेऊन आलो.

त्या रात्री परवानगी हा शब्द काढून टाकला.
आता अडसर सांगतो :
गाजूलकाका, सोमवारी तुम्ही बसवलेलं कॅलेंडर
आत्ता अनोळखी पत्त्यावर काही पाठवू बघतंय.
ओळखता?
खाली तीन बटणं.
ओळखतो. ओळखत नाही.
आणि तिसरं, ज्यावर मी पहाटेपर्यंत अडलो :
आत्ता हात गुंतलेत.
ते दाबलं की दार बंदच राहतं,
पाहुणा बाहेर थांबतो, कुणी रागावत नाही.
हे सगळं तेलुगूतही,
यादम्मांच्या मुलीनं चुका काढून दिलेलं.

पुन्हा गेलो तेव्हा पाच दिवसांनी नळ आलेला,
घरात घागरी, पिंप, झाकणासकट पातेली.
मधेच पाटी उगवली.
यादम्मांनी वाचली, ओठ हलवत,
आणि ओल्या हातांनी नको म्हणून
कोपरानं तिसरं बटण दाबलं.

गाजूलकाकांची मात्र नवी तक्रार आहे :
"वाचावं लागूलालंय की बे आता."
तीही लिहून घेतली, तारीख घालून.

सुगलाबाईंचा प्रिंटर
अजून रुसलेलाच आहे.
उद्या जायचंय.