समुद्र डावीकडे

मेणकापडावर नकाशा पसरला. चार कोपऱ्यांवर
मिठाची बरणी, रोसामेलच्या चष्म्याचं घर,
एक बटाटा, आणि माझा हात.
"आन्कुद सोडलंस की समुद्र डावीकडे ठेव," तो म्हणतो,
जणू समुद्र ही कुठे ठेवायची वस्तू आहे,
फडताळात, किंवा उपड्या बशीखाली.

एकतीस वर्षं त्यानं मासळीचा ट्रक हाकला.
त्याच एकतीस वर्षांत मी शाळेच्या मुदपाकात
मसूर ढवळले, बेट न सोडता.
लायसन्स मला मिळालं गेल्या मार्चात, बासष्टाव्या वर्षी.
परीक्षा घेणारा पोरगा माझ्याच हातचं जेवून वाढलेला,
तरी दोनदा नापास केलं मेल्यानं.

तो सांगतो, मी लिहिते.
केयोनहून रात्रीची फेरी. खिडकीशी बसू नकोस,
रात्री खिडकीत आपलंच तोंड दिसतं.
पहाटे चायतेन. तिथून आधी उलटं, उत्तरेला,
आलेर्सेच्या जंगलात.
मी म्हणते, अरे, उगाच वाट वाकडी होते.
तो म्हणतो, मग दुसरं काय करायला निघालोय?

मग दक्षिणेला एक पूल. लाकडी, एकेरी,
समोरून कुणी आलं तर दिवे मिचकावायचे.
तो पूल आता सिमेंटचा झालाय, मी सांगते,
शेजारच्या एर्मिंदाचा जावई बघून आला.
बरं. पुलानंतर ओस्वाल्दीनाची खानावळ.
तीही नाही रे. राख पडली त्या वर्षी
ती पोरांकडे गेली, ती गेलीच.
रोसामेल गप्प. त्याचं बोट नकाशा चाचपत
भर खाडीत जाऊन थांबतं,
खानावळीच्या दाराशी पाय पुसत असल्यासारखं.

वहीत लिहिते:
खानावळ. नाही. थांबायचं.

जूनमध्ये डॉक्टरीण म्हणाली, नजरेचा मधला भाग गेलाय,
कडा राहतील, किती दिवस ते सांगता येत नाही.
घरी येताना हा बसमध्ये हसला:
"डोंगराची तरी आणखी काय बघायची असते? कडच ना?"
मला हसू आलं नाही. मी तिकिटं मोजत बसले,
दोनच होती.

म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर माझी वेगळी यादी आहे.
पुयुवापीचे गरम झरे: अंगाला कळतील.
केउलातची हिमनदी: बर्फ कोसळतो, आवाज दुपारनंतर जास्त,
तेव्हा सकाळी घाई नको.
जंगलात शेवाळ, कोपरापर्यंत हात रुतेल असं.
ओल्या लाकडाचा धूर, धुरात शिंपले.
"काय एवढं लिहितेस?"
"पेट्रोलचा हिशेब."
"जास्तच लागतंय पेट्रोल."

बाहेर कुणीतरी सरपण फोडतंय. माते गार होतो.
तो अचानक, मला न विचारता, घाटात शिरतो.
केउलातला वळणं पुष्कळ, मोजत जा.
सातव्याला बाहेरच्या अंगाला जरा रुंद जागा आहे,
हॉर्न दे, गाडी घे तिथे, हँडब्रेक ओढ,
चाकाला दगड लाव, दगड लावच,
आणि उतरून बघ.
"आणि तुला काय काय सांगू?"
"मला काही सांगायचं नाही. मला पाठ आहे ते.
तीस वर्षं एकटाच बघत होतो,
ट्रकमध्ये मासळी, दाखवणार कुणाला?
तू सावकाश बघ. मी गाडीत बसेन, रेडिओ लागतो का बघेन."

तिथे रेडिओ लागत नाही. एर्मिंदाच्या जावयानं सांगितलंय.
मी शेवटचं पान उलटून ठेवते.
कोपऱ्यावरचा बटाटा उचलते, सोलायला घेते,
त्या बाजूनं नकाशा आपला आपण गुंडाळू लागतो,
आन्कुद जाऊन डोंगरांवर पडतं.

"पुयुवापीपाशी पाणी उजवीकडे येईल," तो म्हणतो,
"गोंधळू नकोस."
नाही गोंधळत.
"आणि चढाला दुसराच गियर.
तिसरा टाकावासा वाटेल. टाकू नकोस."